शि. म. परांजपे यांचा 'काळ': उपरोध नेमका बसवलेला कुठे असतो?

निळी_शाई

नमस्कार मंडळी,

वर्तमानपत्रात लिहिणाऱ्या लेखकाच्या शैलीचा विषय निघाला की आपण विशेषणांची रास घालतो. ओघवती, खुसखुशीत, मार्मिक, धारदार. कुणालाही लावा, लागू पडतात. पण त्या माणसाचं वाक्य सुरू कुठून होतं, वळतं कुठे आणि वाचकाला कुठे नेऊन सोडतं, याचा त्यातून काडीचाही पत्ता लागत नाही. हे मला फार दिवस खटकतंय. म्हणून म्हटलं एकच लेखक घेऊ आणि त्याच्या लेखनाचे सांधे सुटे करून बघू. लेखक मुद्दाम जुना निवडलाय: 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे.

ज्यांनी नुसतं नाव ऐकलंय त्यांच्यासाठी थोडक्यात. जन्म १८६४, महाडचा. संस्कृतचा दांडगा व्यासंग, काही काळ प्राध्यापकी. मार्च १८९८ मध्ये पुण्यात 'काळ' साप्ताहिक काढलं. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात १९ महिन्यांची शिक्षा झाली. १९१० चा प्रेस अ‍ॅक्ट आला, जामीन मागितला गेला आणि 'काळ' बंद पडला. त्यातल्या निवडक निबंधांचे खंडही सरकारने जप्त केले. १९२९ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद आणि त्याच वर्षी निधन.

'परांजपे म्हणजे वक्रोक्ती', म्हणजे आडवळणाने बोलणं, हे समीकरण आपण परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं. माझा आक्षेप असा की त्यामुळे आपण त्यांना टोमणे मारणारा लेखक समजून मोकळे होतो. टोमण्यात बोलणारा आपला राग लपवत नाही, नुसता तिरका करतो. परांजप्यांचं काम वेगळं आहे. त्यांच्या लेखातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाक्य छापलेलंच नसतं. ते वाचकाच्या डोक्यात तयार व्हावं अशा बेताने बाकीची वाक्यं रचलेली असतात. शैली म्हणून मला बोलायचंय ते या रचनेबद्दल.

आता ही रचना चालते कशी? विरोधकाचं म्हणणं ते खोडून काढत नाहीत, मान्य करतात. नुसतं मान्य करून थांबत नाहीत, त्याच तर्काने एकेक पायरी पुढे जात राहतात. उदाहरणासाठी एक वाक्य मीच जुळवलंय. हे 'काळ'मधलं नाही आणि त्यांच्या भाषेची नक्कलही नाही, फक्त कळ कुठे असते ते दाखवण्यापुरतं आहे:

"मिठावरचा कर वाढला हे रयतेचं भाग्यच. मीठ महागलं की जेवण अळणी होतं, अळणी जेवण कमी जातं, कमी जेवलं की धान्य उरतं, आणि धान्य उरलं म्हणजे दुष्काळ राहिला कुठे?"

यात 'सरकार' हा शब्द नाही. तक्रार नाही. एकेक तुकडा सुटा काढला तर निरुपद्रवी आहे, काही तर घरगुती शहाणपणासारखे आहेत. 'दुष्काळ' हा शब्द अगदी शेवटी येतो आणि तोही प्रश्नात, म्हणजे लेखकाने विधान असं केलेलंच नाही. पण वाचणारा माणूस 'कुठे?' पाशी पोचला की उत्तर तोच देतो, आणि ते उत्तर त्याचं स्वतःचं असतं. दुसऱ्याने दिलेलं मत आपण दोन दिवसांत विसरतो, स्वतः काढलेला निष्कर्ष सहसा सुटत नाही.

दुसरी रीत म्हणजे गोष्ट लांबून सांगायची. इतिहासातली, पुराणातली, नाहीतर चक्क निर्जीव वस्तूची. 'एका खडीच्या दगडाची कर्मकथा' हा त्यांचा गाजलेला निबंध. डोंगराचा दगड फुटून खडी होतो आणि रस्त्यावर सगळ्यांच्या पायांखाली येतो. पारतंत्र्यातल्या वाचकाला यापुढे काही समजावून सांगायची गरजच नव्हती.

आणि वाक्याची लांबी. परांजप्यांची वाक्यं पल्लेदार आहेत, आजच्या वाचकाला दम लागेल इतकी. 'अलंकारिक भाषा' म्हणून आपण ती बाजूला सारतो. पण मराठीत क्रियापद शेवटी येतं. वाक्य जितकं लांबेल तितका वाचक त्या क्रियापदाची वाट बघत पुढे ओढला जातो, आणि कर्त्याबद्दल काय म्हणायचंय ते शेवटच्या शब्दापर्यंत उघड होत नाही. परांजपे ही वाट बघायला लावणं पुरेपूर वापरतात.

एक साधी परीक्षा करून बघा. 'केसरी'तला टिळकांचा एखादा अग्रलेख घ्या आणि विशेषणांवर पेन्सिलीने काट मारा. लेख उभा राहतो, कारण तो युक्तिवादावर उभा आहे. परांजप्यांच्या निबंधावर तीच काट मारली की निबंध कोसळतो. त्यांच्याकडे स्तुतीचं विशेषण हेच काम करणारं असतं. ते काढलं तर उरतो तो सरळ, अगदी सरकारी वाटावा असा मजकूर.

आता माझा प्रश्न. ही शैली त्यांच्या संस्कृतातून आली की त्या वेळच्या कायद्यातून? जाणकारांनी भर घालावी.

---

मागचं_पान

धागा वाचनखूण म्हणून साठवला. माझं मत स्पष्टपणे कायद्याकडे झुकतं. त्या वर्षाभरातला घटनाक्रम पाहिला की शैलीकडे बघण्याची नजरच बदलते.

राजद्रोहाचं १२४ अ हे कलम दंडसंहितेत आलं १८७० मध्ये. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग, त्याचा बंदोबस्त, जूनमध्ये प्लेग अधिकारी रँडवर गोळ्या, आणि पाठोपाठ टिळकांवर खटला. न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला कलमाचा अर्थ सांगितला की सरकारबद्दल प्रीती नसणं हीच अप्रीती. म्हणजे शिवी द्यायची गरज नाही, प्रेम दिसलं नाही तरी पुरे. टिळकांना १८ महिन्यांची सक्तमजुरी झाली. मग १८९८ च्या सुरुवातीला कलमात दुरुस्ती होऊन द्वेष आणि तुच्छता हे शब्दही त्यात आले. आणि मार्चमध्ये 'काळ' निघतो. तेव्हा टिळक तुरुंगातच होते. रँडवर गोळ्या झाडल्याबद्दल दामोदर चापेकरांना फाशी झाली ती पुढच्याच महिन्यात, एप्रिलमध्ये. पुण्यात नवं साप्ताहिक काढायला याहून वाईट मुहूर्त शोधून सापडला नसता!

यातली एक गोष्ट तुमच्या मुद्द्याला थेट भिडते. १८९७ चा खटला कुठल्याही सरळ टीकेवरून नव्हता. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा अग्रलेख सगळ्यांना माहीत असतो, पण खटल्यातला मजकूर त्याच्या आधीचा, १५ जूनच्या अंकातला होता: शिवाजी उत्सवातल्या भाषणांचा वृत्तान्त आणि 'शिवाजीचे उद्गार' ही कविता. कवितेखाली सही होती भवानी तलवारीची. थोडक्यात, शिवाजी महाराजांच्या तोंडून आजचं दुःख बोलून घेण्याची युक्ती सरकारने पकडली होती आणि तिला शिक्षाही झाली होती.

म्हणून परांजप्यांना आणखी एक वळण घेणं भाग होतं. इतिहासपुरुष बोलायला लागला की सरकार आधीच कान टवकारणार. मग बोलावं कुणी? दगडाने. आणि बोलावं काय? स्तुती. कायद्याला प्रीती हवी होती ना, लेखात प्रीतीच प्रीती भरली! फिर्यादी पक्षाने बोट ठेवायचं कुठे? तुमचं मिठाचं वाक्य कोर्टात वाचून दाखवलं असतं तर वकिलाला आधी हे सिद्ध करावं लागलं असतं की कर ही इतकी वाईट गोष्ट आहे की तिची स्तुती कुणी मनापासून करूच शकणार नाही. ते सिद्ध करायला सरकारी वकील कशाला धजावेल?

---

पारावर

दोघांचेही प्रतिसाद आवडले, पण संस्कृतची बाजू इतक्या सहज सोडू नका.

निंदेच्या आतून स्तुती किंवा स्तुतीच्या आतून निंदा ही आपल्या अलंकारशास्त्रात व्याजस्तुती म्हणून शतकानुशतकं नोंदलेली आहे. संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने वक्रोक्तीचे दोन प्रकार सांगितले, एक श्लेषावर चालणारा आणि एक काकूवर. काकू म्हणजे आवाजाचा हेल. 'तू फार शहाणा' हे एका स्वरात कौतुक आणि दुसऱ्या स्वरात उलट. परांजप्यांसारख्या माणसाला ही हत्यारं कायद्याने शिकवली नाहीत, ती त्यांच्याकडे होतीच. कायद्याने फार तर ती कोणत्या दिवशी बाहेर काढायची ते ठरवलं.

पण काकूचा मुद्दा मला याहून पुढे न्यायचाय. छापील कागदाला आवाज नसतो. मग हेल येतो कुठून? त्या काळात वर्तमानपत्र एकट्याने मनात वाचायची वस्तू नव्हती. एक अंक यायचा, वाचता येणारा एक जण मोठ्याने वाचायचा आणि बाकीचे ऐकायचे. 'केसरी' असाच गावोगाव पोचला. 'काळ'ही जिथे असा वाचला गेला असेल तिथे काय झालं असेल याची कल्पना करा. कागदावर निव्वळ स्तुती. हेल वाचणाऱ्याच्या गळ्यातला. खटला भरायचा तर कागदावर भरता येतो, गळ्यावर कसा भरणार?

परांजप्यांची लांब वाक्यं, एकाच साच्यातल्या तुकड्यांची आवर्तनं, मध्येच वाचकाला हाक मारणं, उद्गारचिन्हं, हे सगळं डोळ्यांनी वाचताना जड होतं. मोठ्याने वाचा, लगेच लक्षात येतं की श्वास घ्यायच्या जागा नेमक्या आहेत. हे गद्य तोंडासाठी लिहिलंय. ते डोळ्यांनी तपासून 'बोजड' ठरवणं हा त्यावर अन्याय आहे.

---

अनुस्वार

थोडा विरोधी सूर लावतो.

परांजप्यांबद्दल आदर पूर्ण आहे, पण शैली म्हणून तपासायची तर तिच्या मर्यादाही मांडायला हव्यात. उपरोध कळायला वाचक आधीच लेखकाच्या बाजूचा असावा लागतो. मिठाचं वाक्य त्यालाच बोचेल ज्याला कर आधीच बोचतोय. ज्याला कर योग्य वाटतो तो म्हणेल, बरोबर आहे, आणि पान उलटेल. म्हणजे ही शैली कुणाचं मत बदलत नाही, आहे त्या मताला धार लावते.

याच्या शेजारी आगरकर ठेवा. १८८८ मध्ये 'सुधारक' काढताना 'इष्ट असेल ते बोलणार व साध्य असेल ते करणार' हे बोधवाक्य घेतलं. ज्यांच्यासमोर ते लिहीत होते त्यातले बहुसंख्य लोक त्यांच्या विरोधात होते. त्यामुळे त्यांना उपरोधावर विसंबून चाललंच नसतं. प्रतिपक्षाचं म्हणणं पुरतं मांडायचं, त्याची एकेक बाजू तपासायची, मग आपलं सांगायचं. माझ्या मते हे जास्त अवघड लेखन आहे, कारण यात वाचकाला लेखकाशी भांडायची मुभा असते. परांजपे वाचकाला भांडू देत नाहीत, आपल्याबरोबर वाहून नेतात.

दुसरं, निवडक निबंध ओळीने वाचायला घेतले की काही निबंधांनंतर वळण आधीच दिसायला लागतं. स्तुती सुरू झाली की आपण शेवट काय असेल ते सांगू शकतो. एकदा कळ सापडली की धक्का बसत नाही.

---

निळी_शाई

@अनुस्वार, दुसऱ्या मुद्द्यावर आधी. साप्ताहिकातला लेख आठवड्याच्या अंतराने वाचण्यासाठी असतो. आपण एकाच बैठकीत दहा लेख वाचतो आणि लेखक स्वतःला पुन्हा पुन्हा उगाळतो म्हणून तक्रार करतो. औषधाची आठवड्याभराची पुडी एकदम घेऊन कडू लागली म्हणण्यासारखं आहे हे. वर्तमानपत्री लेखनाचा कोणताही संग्रह वाचताना ही सूट द्यायलाच हवी. तरीही सुटं सुटं वाचूनही काही निबंध एकाच साच्यातले वाटतात, तिथे तुमचं बरोबर आहे.

पहिल्या मुद्द्यावर मात्र मी हटणार नाही. मत बदलणं हेच लेखाचं एकमेव काम आहे का? १८९८ च्या पुण्यात लोकांना मत नव्हतं असं नाही. मत होतं आणि ते बोलायची भीती होती. अशा माणसाला युक्तिवाद देऊन फारसा उपयोग नाही, कारण युक्तिवाद त्याच्याकडे आहेच. त्याला हवं असतं ते आपल्यासारखं आणखी कुणालातरी वाटतंय याचं आश्वासन. उपरोध कळला की ते आश्वासन त्याच क्षणी मिळतं, कारण उपरोध दोघांना मिळूनच पुरा होतो. सावरकरांनी आपल्या घडणीतला 'काळ'चा वाटा कृतज्ञतेने नोंदवलाय. 'काळ' निघाला तेव्हा ते पंधराएक वर्षांचे होते. त्या वयाच्या मुलाला आगरकरांच्या पानांवर मुक्काम करायला वेळ लागतो. परांजपे त्याला पहिल्याच वाचनात ताब्यात घेतात. हे चांगलं की वाईट हा वेगळा प्रश्न, पण शैलीची ताकद मोजायची तर हे मोजावं लागेल.

---

कलमदान

कायद्याच्या बाजूने बोलणाऱ्यांना एक प्रश्न: उपरोधाची ढाल इतकी पक्की होती तर १९०८ मध्ये ती फुटली कशी?

एप्रिल १९०८ अखेर मुझफ्फरपूरला क्रांतिकारकांचा बॉम्ब पडला आणि सगळ्या मराठी पत्रांचं लिखाण नव्याने चाळलं जाऊ लागलं. जूनमध्ये परांजप्यांना अटक झाली. त्याच महिन्यात टिळकांना मुंबईत सरदारगृहात पकडलं. जुलैमध्ये दोघांनाही शिक्षा झाली, आधी परांजपे, मग टिळक.

टिळकांच्या खटल्याचं कामकाज तपशिलात उपलब्ध आहे, त्यामुळे त्यावरून बोलतो. ज्यूरीत ९ जण: ७ युरोपियन, २ पारशी. समोर मराठी लेखाचं सरकारी इंग्रजी भाषांतर. टिळकांच्या बचावाचा मोठा भाग या भाषांतरातल्या चुका दाखवण्यात गेला. निकाल ७ विरुद्ध २, शिक्षा ६ वर्षं. टिळकांचं गद्य तर सरळ आहे. त्याचंही भाषांतरात हे होत असेल तर काकूवर चालणाऱ्या गद्याचं काय होणार? ज्याला मराठीचा हेल माहीत नाही त्याच्यापुढे दोनच शक्यता उरतात. एक तर स्तुती अक्षरशः खरी धरायची, जे कुणीही करणार नव्हतं. नाहीतर प्रत्येक गोड शब्दाखाली विष आहे असं धरून चालायचं. मुझफ्फरपूरनंतर दुसरी शक्यता पक्की झाली. मग ढाल राहत नाही. उलट जितकी स्तुती जास्त तितका संशय जास्त.

म्हणून मला वाटतं, या शैलीचं संरक्षण वाक्यरचनेत कधीच नव्हतं. सरकारला जोवर खटला भरण्याची निकड वाटत नव्हती तोवरच ते होतं. दहा वर्षं तशी मिळाली, हेच खूप.

---

मागचं_पान

@कलमदान, हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता आणि तो वजनदार आहे. एक पुस्ती जोडतो. त्या कलमाच्या स्पष्टीकरणात अशी तरतूद होती की द्वेष न भडकवता सरकारच्या उपाययोजनांबद्दल नापसंती दाखवली तर गुन्हा नाही. सरळ टीका करणाऱ्याला निदान त्या दारातून निसटायचा प्रयत्न करता येत होता: मी अमुक उपायावर टीका केली, सरकारवर नाही. उपरोधाने लिहिणाऱ्याला ते दार बंद. मी टीकाच केली, हे तो कबूल कसं करणार? वरवर तर त्याने स्तुती केलेली!

---

खिडकीजवळ

मी पत्रकारिता शिकतेय. या चष्म्यातून आजचे स्तंभ वाचून पाहिले. आजचा उपरोधिक स्तंभ बऱ्याचदा शीर्षकातच आपला पत्ता उघडतो, व्यंगचित्र जोडतो, स्तंभाच्या नावातूनच 'हे गंमत म्हणून वाचा' असं सांगून ठेवतो. मग छापायचं राहिलेलं असं वाक्यच उरत नाही, सगळं छापून टाकलेलं असतं. जागा कमी म्हणून असं होतं की वाचकावर भरवसा नाही म्हणून?

आणि परांजपे वाचायला सुरुवात कुठून करू?

---

पारावर

जागा कमी आहे म्हणून नसावं. कमी जागेत तर न छापलेलं वाक्य सोयीचं, ते शब्दमर्यादेत मोजलं जात नाही. भरवशाचाच प्रश्न आहे. परांजप्यांचा वाचक कोण, तो कुठे राहतो, त्याला काय सलतंय, हे त्यांना ठाऊक होतं. आज तोच मजकूर तासाभरात कुठल्याही संदर्भाशिवाय अनोळखी माणसांपुढे जातो. त्यातला अर्धा वर्ग तो अक्षरशः घेणार हे लिहिणाऱ्याला माहीत असतं, म्हणून तो आधीच दिवे लावून ठेवतो. त्याला दोष देववत नाही. पण उपरोध तिथेच मरतो, हेही खरं.

सुरुवात खडीच्या दगडापासून करा. एकट्याने नको, दोघी-तिघींनी मिळून, आळीपाळीने मोठ्याने वाचत. कठीण संस्कृत शब्द अडले तर पहिल्या वेळी सोडून द्या, हेल सोडू नका.

---

अनुस्वार

आणि पेन्सिल जवळ ठेवा. निळी_शाई यांनी सांगितलेली विशेषणांची परीक्षा मी आगरकरांच्या एका निबंधावर करायला घेतलीय. निबंध उभा राहतोय, पण जिथे ते रूढींवर चिडतात तिथे तोही डळमळतो, हे मला अपेक्षित नव्हतं. इथे लिहिलं तर धागा भरकटेल. आगरकरांसाठी वेगळा काढतो, तिथे सगळे या.